मागून आणलेलं झबलं

कुणापुढे हात पसरायचा नाही, हे आम्हाला माहेरी बाळकडूसारखं पाजलेलं होतं. विरजणाला चमचाभर दही मागायला शेजारी जाणंही माझ्या आईला खपत नसे. तेव्हा नागपूरच्या मिशनच्या शाळेत सातवी झालेली, शिवणकाम येणारी आणि नाकाच्या शेंड्यावर राग बाळगणारी मी लग्न होऊन सिंदीच्या रेल्वे क्वार्टरात आले, तेव्हा तो ताठाही ट्रंकेतल्या लुगड्यांबरोबर जसाच्या तसा आला. एकोणीसशे पन्नास सालानंतरचे ते दिवस. नवरा पॉइंट्समन. गावात कॅथलिक घर आमचं एकच. दीड-दोन महिन्यांनी फादर पॅसेंजर गाडीने यायचे, आमच्या ओसरीवर टेबल मांडून मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायचे आणि परतीच्या गाडीने जायचे. आमचं देऊळ म्हणजे ती ओसरीच.

माझं पहिलं लेकरू महिनाभर आधी झालं. सासू तेव्हा रोहण्याला लेकीकडे होती, नवरा ड्युटीवर, मी शुद्धीवर नव्हते आणि जवळ फक्त गावची सुईण. लेकरू सकाळी आलं, त्याने दुपार काही धरली नाही. असं लेकरू जायला लागलं तर कुणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं, सुईणसुद्धा. पण ते तिला कोण सांगणार? बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला आमच्या कबरस्तानात जागा नव्हती. नवऱ्याने घरातलं पांढरं धोतर फाडलं, त्याला गुंडाळलं आणि रुळांपलीकडे नाल्याजवळ बाभळीखाली पुरून आला. नाव नाही, गाव नाही. शेजारणी आल्या, 'तब्येत कशी आहे' म्हणाल्या आणि यंदाच्या कापसावर बोलायला लागल्या. त्यांना दोष देत नाही मी. ज्याचं तोंडच कुणी पाहिलं नाही, त्याच्यासाठी त्या रडणार तरी कशा? पण मला ते फार लागलं. आतल्या आत मी कितीतरी दिवस जळत होते.

दुसऱ्या वेळी सासू दोन महिने आधीच येऊन बसली. दिवाळीनंतर मी बाळंत झाले तेव्हा ती पाण्याचा लोटा घेऊन खाटेशी उभी होती. लेकरू असं काही किंचाळलं की नवऱ्याने म्हणे ते फाटकापाशी ऐकलं. सासूने लोट्यातलं पाणी नेऊन कडुनिंबाला घातलं आणि म्हणाली, "याले आता घाई नाई. हा फादरच्या हातूनच पाणी घेईन."

फादर नाताळाआधीच्या रविवारी येणार होते. मी मनाशी ठरवलं, याचा बाप्तिस्मा चोरासारखा चार माणसांत होणार नाही. गावाने याचं तोंड पाहिलंच पाहिजे. माझ्या आईने नागपूरहून लेस लावलेलं पांढऱ्या सॅटिनचं झबलं पाठवलं. दृष्ट लागावी असं होतं. मी ते सासूपुढे धरलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, 'गुळगुळीत आहे' म्हणाली, घडी करून परत ट्रंकेत ठेवलं आणि वर कडी लावली.

"फादर येईन त्या दिवशी हे नाई घालाचं. एक लेकरू गेल्यावर जे येते, त्याले मांगून आणलेलं घालतात. पाच घरचं कापड मांगाचं, त्याचं झबलं शिवाचं."

पंचक्रोशीत ही रीत सगळ्यांना माहीत होती. ज्या घरी लेकरू जगत नाही, त्या घरी पुढच्याला मागून आणलेल्या चिंध्यांत वाढवायचं, म्हणजे काळाची नजर लागत नाही. पण आम्ही कॅथलिक! माझा पारा चढला.

"आई, हे आपल्या धर्मात कुठं आहे? फादर काय म्हणतील? आणि मागायचं कशाला? आमच्या सात पिढ्यांत कुणी मागितलं नाही."

"तुह्या सात पिढ्या मले मालूम नाई," सासू म्हणाली. "माह्यी एक सांगतो. पन्नास वर्सांपह्यले, छप्पन संवताच्या दुकायात, माह्ये मायबाप मेले. बैलगाडीत टाकून मले मिशनच्या सिस्टरपाशी नेलं. अंगात एकाचं पोलकं, कमरेले दुसऱ्याचा पंचा, पांघराले तिसऱ्याची वाकय. घरचं नवं घातलेले माह्ये भाऊ तिथंच गेले, अन् मी मांगलेल्या कपड्यात जगली. आता सांग, काऊन नाई मांगाचं?"

तरी मी शहाणपणा केलाच. म्हटलं, मी दुकानातून मलमल आणते, शेजारणींच्या घरी एकेक तुकडा देऊन येते, मग त्याच आपल्याला परत देतील. सासूने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मीच पाळण्यात आहे.

"त्याले मांगणं नाई म्हणत. त्याले सौदा म्हणतात."

ती स्वतःच निघाली. बाप्तिस्म्याला पांढराच कपडा लागतो हे तिला ठाऊक होतं, तसं तिने घरोघर सांगितलंही. संध्याकाळी परत आली तेव्हा पदरात हिरव्या खणाचा तुकडा होता, पिवळ्या लुगड्याचा काठ होता, जांभळी चिंधी होती. पांढरं एकही नाही. देणाऱ्या बायांनी तर हात जोडले होते तिच्यापुढे: पांढरं नका मागू बाई, लेकराला कुणी पांढरं घालतं का? पांढरं म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती आणि मला ऐकायची.

सासूला तशी खचलेली मी पहिल्यांदाच पाहिली. भिंतीला टेकून बसली. "रंगीत मांगलं असतं तर गाडाभर भेटलं असतं. पांढऱ्याले सारे भेतात. मले त्याईले समजावता येत नाई व पोरी. तू शिकलेली आहेस. तूच चाल."

सव्वा महिना नुकताच संपला होता. दुसऱ्या दिवशी पदर सावरून मी तिच्या मागोमाग निघाले. वाटत होतं, जणू चोरी करायला निघाले आहे.

पहिलं घर कापसाच्या व्यापाऱ्याचं. शेठाणीबाई अंगणात उन्हाला बसून देवाच्या वाती वळत होत्या. मला पाहून त्यांनी चटई सरकवली. मी बसले. मागण्याचं वाक्य मी आयुष्यात जुळवलंच नव्हतं. सासूने डोळ्याने खुणावलं. मी कसंबसं म्हटलं, "पांढरं कापड... लेकरासाठी..."

"काल मी यांना सांगितलं ना बाई," शेठाणी अगदी मायेने म्हणाल्या. "हिरवं घे, लाल घे. पांढरं कसं देऊ? तुह्या घरी एकदा झालं ते झालं. पुन्हा पांढरं म्हणजे..." पुढचा शब्द त्यांनी गिळला.

तो गिळलेला शब्द माझ्या डोक्यात गेला. राग आला की माझी नागपुरी शिस्त सुटते.

"शेठाणीबाई, तुमच्या लग्नात तुमच्या अन् शेठजींच्या मधात काय धरलं होतं?"

"अंतरपाट. काऊन?"

"कोणत्या रंगाचा?"

त्या थांबल्या. मी थांबले नाही. "अन् हातातली वात कोणत्या रंगाची? शेठजींचं धोतर? बाहेर ज्या गाड्या लागल्या आहेत, त्यात काय काळा कापूस भरला आहे? तुमचं सारं घर पांढऱ्यावर उभं आहे, अन् माह्या लेकराच्या अंगावर आलं की तेच अशुभ होते?"

सासूने मला कमरेत असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "बाई, आपण मांगाले आलो," ती कानाशी पुटपुटली. "दरडावाले नाई."

चिमट्याने आलेलं पाणी मग थांबेना. मी म्हटलं, "माझ्या पहिल्यालाही पांढरंच घातलं होतं. त्याला कुणी पाहिलं नाही. याला सगळ्यांनी पाहावं, एवढंच पाहिजे मला. द्या ना." आणि मी पदर पसरला. नागपूरला आईने पाहिलं असतं तर तिला घेरी आली असती. मला मात्र एकदम हलकं वाटलं.

शेठाणी उठून आत गेल्या. पेटीच्या तळातून त्यांनी स्वतःच्या लग्नाचा अंतरपाट आणला, कुंकवाचं स्वस्तिक मधोमध तसंच ठेवून कडेची पट्टी कापली आणि माझ्या पदरात घातली. "शिवून झालं की पाहाले येईन मी," त्या म्हणाल्या.

शेठाणीने अंतरपाट कापून दिला, ही बातमी आमच्या आधी बाजारात पोचली. मग कुणाला समजवावं लागलं नाही. कापसाच्या जिनात सरकी वेगळी करणाऱ्या बाईने आपल्या पोराच्या शाळेतल्या टोपीचा तुकडा दिला. शेजारच्या मुकादमाच्या बायकोने नवऱ्याच्या नीळ दिलेल्या धोतराचा सोगा दिला, तोही नवऱ्याला न विचारता. आणि जिनाच्या फाटकाशी कापसाची गाडी घेऊन थांबलेला एक म्हातारा शेतकरी, ज्याला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं, त्याने सगळं ऐकून डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि त्याचं टोक टरकन फाडलं.

"घे माय. डोक्स्यावरचं देऊन राह्यलो. पोट्टा मोठा झाला का पागोटं बांधाले मलेच बलावजो."

पाचवं घर स्टेशनवर चहा विकणाऱ्याचं. त्याच्या बायकोने चहा गाळायचं नवं फडकं दिलं आणि वर चहाही पाजला. मी मागायला लाजत होते आणि आता मला घरं कमी पडत होती. "पुरे झालं," सासू म्हणाली. "हावरट होऊ नोको."

झबलं तिने मला शिवू दिलं नाही. शिवणाची परीक्षा मी पास झालेली, पण ती दाराकडे पाठ करून, हातानेच, मोठमोठे टाके घालत बसायची. प्रत्येक तुकड्याचा पांढरा वेगळा. एक सायीसारखा, एक निळसर, पागोट्याचा उन्हाने पिवळट पडलेला. मी मनात म्हटलं, नागपूरचं कुणी येणार नाही तेच बरं.

रविवारी फादर उतरले तेव्हा आमच्या क्वार्टरापुढे ही गर्दी. शेठाणी आल्या होत्या, जिनातल्या बाया आल्या होत्या, मुकादम धोतराचा जाब विचारायला येऊन तिथंच रमला होता. पागोटंवाला म्हातारा बैलं सोडून ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. दाढीवाले गोरे फादर दचकलेच. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "इथे काही भांडण झालं काय?" नवरा म्हणाला, "नाही फादर. हे सगळे बाप्तिस्म्याला आले आहेत." छाती अशी फुगली होती त्याची की वर्दीची बटणं तुटायची बाकी होती.

धर्ममाता सासूच. लेकरू घेऊन ती उंबऱ्याशी उभी राहिली. फादरांनी आधी लॅटिनमध्ये आणि मग लोकांना कळावं म्हणून मोडक्या मराठीत पहिला प्रश्न विचारला, "देवाच्या मंडळीपाशी तू काय मागतोस?"

सासूने लेकराच्या वतीने खणखणीत उत्तर दिलं, "विश्वास." आणि लगेच कोपराने मला ढोसलं. "आयकलं? इथंबी मांगाच लागते."

मी लहानपणापासून कितीतरी बाप्तिस्मे पाहिले होते. हा प्रश्न कितीतरी वेळा ऐकला होता. त्यात मागणं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

विधीप्रमाणे फादरांनी जिभेवर मीठ ठेवताच लेकराने जे तोंड केलं, त्याने जिनातल्या बाया खळखळून हसल्या. पाणी पडलं तेव्हा त्याने असा टाहो फोडला की म्हाताऱ्याची बैलं बिचकली. "आवाज आहे बाप्पा पोट्ट्याले!" म्हातारा म्हणाला. फादरही हसले. मग त्यांनी झबल्यासाठी हात पुढे केला. सासूने ते दिलं. फादरांनी ते बोटांनी चाचपलं, एकवार आमच्याकडे आणि एकवार गर्दीकडे पाहिलं, आणि लेकराच्या अंगावर घातलं.

त्याबरोबर सगळे पुढे सरकले. "हा माह्या लग्नाचा अंतरपाट," शेठाणी म्हणाल्या. "बाही माह्या पागोट्याची!" "ही आमची टोपी." मुकादमाने आपलं धोतर ओळखलं आणि बायकोकडे रागाने पाहायचं विसरून लेकराच्या गालाला हात लावला. चहावाली म्हणाली, "गळा माह्या फडक्याचा." ज्याने त्याने आपला तुकडा पाहिला आणि तुकडा पाहता पाहता तोंड पाहिलं.

मधोमध, छातीवर, एक चौकोन उरला. मऊ, जुना. त्यावर कुणीच हक्क सांगितला नाही. पाच घरं मी स्वतः फिरले होते, हे सहावं कापड कुठलं? मी सासूकडे पाहिलं.

ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी धोतर फाडलं होतं नं माह्या पोरानं. त्यातलं अर्धं उरलं होतं. माह्या पेटीत होतं." मग लेकराच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "याच्या मोठ्या भावापाशी मांगलं मी. त्यानं देल्लं."

मी तिच्या हातातून लेकरू घेतलं आणि सगळ्यांना दिसावं म्हणून दोन्ही हातांनी उंच धरलं. ते रडत होतं, लाल झालं होतं, पाय झाडत होतं, आणि सगळं अंगण त्याच्याकडे पाहत होतं. सॅटिनचं झबलं त्याने पुढे नाताळला घातलं आणि तासाभरात ओलं केलं. पण त्या दिवशी, मागून आणलेल्या पांढऱ्यात, माझ्या दोन्ही लेकरांचं तोंड गावाने पाहिलं.