एक बाटली रक्त

स्पिरिटचा वास आला की मला सांगलीच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. आईच्या पोटातली गाठ काढायची ठरली होती. फौजेतून रजा काढून मी आलो आणि ऑपरेशनसाठी बाटलीभर रक्त दिलं. वडिलांना ते बघवेना, ते बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आटोपून डॉक्टर हसतच बाहेर आले. "रक्त लागलंच नाही, बाटली तशीच आहे," म्हणाले. मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात नर्स धावत आली. तासगावकडची एक बाई बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिला माझंच रक्त जुळत होतं. डॉक्टरांनी वडिलांकडे पाहिलं. "ही बाटली तुमच्या पेशंटसाठी उद्यापर्यंत राखून ठेवायची असते. काय करू?" वडील क्षणभरही थांबले नाहीत. "आवं डॉक्टर, तिला द्या. आमाला लागलंच तर माझं काढा." आम्ही दोघं दारातून बघत राहिलो. बाटलीतलं रक्त थेंब थेंब उतरत होतं. दिवस मावळताना तिनं डोळे उघडले आणि बाळाला जवळ मागितलं. पुढं मी पुष्कळदा रक्त दिलं, पण ते कुणाच्या अंगात गेलं हे डोळ्यांनी पाहिलं ते तेवढंच एकदा.