गुणाजीचा पिवळा चेहरा

गुणाजी परबला मी प्रथम भेटलो तेव्हा निम्मं लालबाग त्याच्या अंगावर बसलं होतं आणि उरलेलं निम्मं जागा कधी मिळते याची वाट पाहत होतं. साल छप्पन. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आम्ही घसे फोडत होतो आणि हा गडी कडेला उभा राहून एकेकाचं तोंड निरखून कागदावर उतरवत होता. म्हणजे पोलिसांचा खबऱ्याच. मीही बसलो, बहुधा त्याच्या डाव्या पायावर. कागद हिसकावला तर त्यावर लाल पेन्सिलीनं रंगवलेलं माझंच तोंड. आपल्याला इतका राग येतो हे मला तेव्हा कळलं.

गुणाजी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होता. राहायला चौदा गाववाल्यांची एक खोली, बायको मीराबाई देवगडकडे सासरी. तिला वाचता येत नव्हतं. पत्र गेलं की ते पडवीत, सासऱ्यांसमोर, पोस्टमन खणखणीत आवाजात वाचणार. त्यात ‘तुझ्यावाचून करमत नाही’ कोण लिहील? म्हणून त्यानं आरशात बघून आठ दिवस स्वतःचा चेहरा काढला. डोळ्यांखाली निळं आणि गालांवर त्यांच्या गावच्या अंगणात कलत्या उन्हाचं असतं तसं फिकट पिवळं. ते चित्र पाहून खानावळवाल्या रमाबाईंनी त्याला न विचारता एक भाकरी जास्त वाढली.

गावाहून उत्तर आलं ते काविळीच्या मुळीची पुडी होऊन.

“कावीळ नाय रे ही,” तो मला म्हणाला. “आठवण आसा.”

माणूस दुखावला नव्हता, चित्रकार दुखावला होता. त्यानं त्याच दिवशी दुसरा चेहरा काढला: लालबुंद गाल, तोंडभर हसू, होते त्याहून दोन दात जास्त. लगेच टपालात टाकला.

पंधरा दिवसांनी वडिलांचं पत्र आलं. ‘तू आजारी म्हणून सूनबाईला तुझ्याकडे धाडायचं ठरलं होतं. बोटीचं तिकीटही काढलं होतं. दुसऱ्या चित्रात ठणठणीत दिसलास. तिकीट परत केलं.’

पत्र माझ्या हातात देऊन तो पिवळ्या पेन्सिलीला टोक काढायला बसला. पुढं एकाहून एक पिवळे चेहरे गावी गेले. पण आता घरचे फसणार नव्हते. पोराला चित्रांचा नाद लागलाय, एवढंच ते म्हणाले. साठच्या मे महिन्यात सगळं लालबाग पेढे वाटत होतं तेव्हा त्याचा सातवा चेहरा चालला होता.

मीराबाई मुंबईला कधीच आल्या नाहीत.