ग्रुपवर दिलेली अक्षत

आमच्या घरमालकीणबाई आणि त्यांची थोरली जाऊ एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण रोज सकाळी एकमेकींना फूल पाठवत होत्या. फोनवरचं फूल. कधी गुलाब, कधी जास्वंद, कधी कमळातला गणपती आणि खाली 'शुभ सकाळ'. पुण्याजवळ सूसमध्ये दोघींची घरं एकाच गल्लीत, शेजारीशेजारी. मध्ये कमरेएवढी भिंत. एक अंगणात सडा टाकत असायची, दुसरी तारेवर कपडे वाळत घालत असायची, आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या. तेवढ्यात एकीच्या कमरेला खोचलेला फोन वाजायचा.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. नवऱ्याची नोकरी हिंजवडीला, माझी बाणेरला एका ऑफिसात हिशेबाची, म्हणून या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला आणि मग तिथेच राहिलो. मालकीणबाई माझ्याच वयाच्या. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला ताई. सकाळी पाणी भरताना गॅलरीतून मला हा फुलांचा व्यवहार दिसायचा. एकदा मी विचारलं, "वहिनी, फूल पाठवता, मग दोन शब्द बोलायला काय होतं?"

"बोलायचं आमच्या हातात न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "फूल पाठवायचं हाय."

भांडण पुरुषांचं होतं. जमिनीची मोजणी झाली तेव्हा रस्त्याकडच्या एका पट्ट्यावरून दोघा भावांत वाजलं आणि थोरल्यानं धाकट्याला शपथ घालून सांगितलं, माझ्या उंबऱ्याला तुझ्या घरातल्या कुणाचे पाय लागायचे नाहीत. धाकटाही काही गप्प बसणारा नव्हता. त्यानं तेच उलटून सांगितलं. बायकांना कुणी विचारलं नाही. त्यांनी फक्त पाळलं.

फोननं घरं मोडली असं म्हणणारे लोक मला रोज भेटतात. त्यातले निम्मे ते फोनवरच म्हणतात. हे घर मोजणीच्या साखळीनं मोडलं होतं. फोन नंतर आला, आणि राहिलेला एक धागा त्यानंच धरून ठेवला होता.

मग वहिनींच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मुठा गावचा, चांगलं घर. मुलगी नोकरी करणारी, हसरी, जरा धांदरट. लहानपणी ती जास्त थोरलीच्याच घरी असायची. तिला मोठी आई म्हणायची. वहिनी शेतावर जायच्या आणि पोरीला जेवू घालायला, वेणी घालायला मोठी आई.

इथल्या रीतीप्रमाणे भावकीला लग्नाचं बोलावणं नुसत्या पत्रिकेनं होत नाही. अक्षत द्यायला जावं लागतं. दारात जायचं, घरातल्या बाईला कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि तोंडानं सांगायचं, लग्नाला या. आता पंचाईत अशी की सगळ्या भावकीच्या दारात जायचं आणि शेजारचं एक दार सोडायचं, तर सगळ्या गावात चर्चा. आणि त्या दारात जायचं, तर शपथ आडवी.

तोडगा वहिनींच्या मुलानं काढला. तो कॉलेजात शिकत होता आणि घरातल्या सगळ्या अडचणींवर त्याचं औषध एकच. "कुनाच्याच दारात जायचं न्हाई," तो म्हणाला. "मस्त व्हिडिओ बनवू, भावकीच्या ग्रुपवर टाकू. समद्यांना एकसारखं. कुनाला गेलो, कुनाला न्हाई, इषयच संपला."

घरात सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. ऑफिसात आम्ही असंच करतो, कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना एकच मेल. व्हिडिओ झाला छान. सनई, गणपती, मुलामुलीचे फोटो, वरून पडणाऱ्या पाकळ्या. भावकीच्या ग्रुपमध्ये थोरली होतीच. रविवारी दुपारी तो ग्रुपवर गेला आणि खाली अभिनंदनाच्या हातांची रांग लागली. संध्याकाळपर्यंत तो ग्रुपबाहेर गावभर फिरला.

सोमवारी सकाळी थोरलीचं फूल आलं नाही.

वहिनींनी आपलं पाठवलं होतं. मंगळवारीही पाठवलं. तिकडून काही नाही. बुधवारी त्या फोन घेऊन माझ्याकडे वर आल्या. "ताई, ह्याला काय झालंय का बघा बरं. आक्कांचं येतच न्हाई."

फोनला काही झालेलं नव्हतं. मी त्यांना दाखवलं. त्यांची दोन्ही फुलं पोचली होती, पाहिलीही गेली होती.

वहिनी खाली बसल्या. "हळदीला न्हाई यायच्या त्या," म्हणाल्या. एवढंच. पण त्याचा अर्थ मला माहीत होता. लग्नाआधी अंगणात मांडव पडतो, उखळात हळकुंडं घालतात आणि भावकीतल्या सवाष्णी गाणी म्हणत ती कांडतात. तीच हळद नवरीला लागते. मुसळाला पहिला हात घरातल्या थोरल्या सुनेचा. थोरली नसली तर दुसरी कुणी धरते, हळद काही अडत नाही. पण मुलीनं आईला आधीच सांगून ठेवलं होतं, बाकी काही करा, मोठ्या आईनं कांडल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. मुलगी हट्टी आहे. आईही मनातून तेच म्हणत होती.

थोरलीचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला, दूध घालणाऱ्या बाईच्या तोंडून. दूधवाली दोन्ही घरी रतीब घालायची आणि दोन्हीकडचं बोलणं फुकटात पोचवायची.

"थोरल्या म्हनत्यात," ती म्हणाली, "व्हिडिओ लई ग्वाड हाय. मला आला तसा दूधवालीला बी आला. मंग मी हितं भावकीत हाय का रतिबात?"

"असं म्हनल्या?" वहिनी म्हणाल्या.

"अजून म्हनल्या. पर ते सांगत न्हाई."

"सांग की."

"म्हनल्या, पोरगी म्या वाढवली आन् मला ग्रुपवर सांगावा आला."

वहिनींचा मुलगा तिथेच चहा पीत होता. "पण समद्यांना सेमच दिलं ना," तो म्हणाला.

"त्येच तर झालं," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांना सारखं दिलं की कुणाला राग येणार नाही, हे ऑफिसात खरं असेल. भावकीत ज्याचा मान वेगळा, त्याला सारखं देणं म्हणजेच कमी देणं. हे मला त्या दिवशी कळलं. खरं तर माझ्या सासूच्या तेराव्याचा निरोप आमच्या घरच्या ग्रुपवर गेला तेव्हा माझी नणंद आठवडाभर का फुगली होती, तेही तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, "वहिनी, जाऊन या. अजून हळदीला वेळ आहे."

"उंबऱ्याची शपथ हाय, ताई. ह्यांना काय तोंड दाखवू?"

"मग त्यांना इकडे बोलवा."

"बोलवायला तरी जावं लागतंया न्हवं?"

त्या उठून गेल्या. दुपारभर खाली भांडी जोरात आपटल्याचे आवाज येत होते. उन्हं उतरल्यावर त्यांनी मला हाक मारली. खाली गेले तर लुगड्याची घडी मोडलेली, केस विंचरलेले, हातात ताट. ताटात कुंकवाचा करंडा, अक्षता, सुपारी.

"उंबऱ्याची घातलीया," त्या म्हणाल्या. "भितीची कुनी घातलेली न्हाई. ताट धरा."

आम्ही भिंतीपाशी गेलो. तिथे त्यांचं सगळं बळ सरलं. इतकी वर्षं हाक मारलेली नव्हती, आता मारायची कशी? गल्लीत दोन बायका पाणी भरायचं सोडून बघत होत्या. वहिनींनी कमरेचा फोन काढला आणि लावला, घाईत लागला तो व्हिडिओ कॉल. भिंतीपलीकडे घरात आरतीची धून वाजली. पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग अर्धं कपाळ.

"कोन?"

"मी हाय, आक्का."

"दिसतंय." पंखा परत आला. "आता काय ऱ्हायलंय? दिलीस की ग्रुपवर अक्षत."

"ती गावाला दिली. तुमास्नी द्यायला आलीया."

"कुटं आलीयास?"

"भितीपाशी."

थोरली बाहेर आली. अंगानं किरकोळ, ताठ चालणारी बाई. फोन तसाच कानाला. ती भिंतीपर्यंत आली तरी दोघी फोनवरच बोलत होत्या, आणि प्रत्येक शब्द एकदा तोंडातून आणि एकदा फोनमधून येत होता.

"आदी त्यो फोन बंद कर," थोरली म्हणाली. "दोनदा ऐकू येतंय. एकदाच बोललीस तरी पुरं."

वहिनींनी फोन बंद केला. करंडा उघडला, भिंतीवरून हात लांबवून कुंकू लावलं. हातावर अक्षता ठेवल्या. तोंडानं सांगायचं होतं ते सांगता येईना. थोरली तशीच हात पसरून उभी.

"सांग की मंग. त्यासाठीच आलीस न्हवं?"

"पोरीचं लगीन हाय, आक्का. हळदीला या. पयला हात तुमचा."

थोरलीनं अक्षता मुठीत धरल्या. "पोरगी कदी दिसली न्हाई इतक्यात."

"रोज हितनंच गाडी काढतीया. तुमी बघत न्हाई."

"बघतीया. हेल्मेट घालत न्हाई ती. आन् उंबऱ्याचं काय करायचं?"

"मांडव अंगणात हाय."

"मांडवाला उंबरा नसतोच," थोरली म्हणाली आणि आत गेली.

हळदीच्या दिवशी ती आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली आणि आल्याआल्या उखळ चुकीच्या दिशेला ठेवलंय म्हणून दोघांना कामाला लावलं. मुसळ धरलं, पहिला घाव घातला, मग वहिनींचा हात धरून मुसळाला लावला. गाणी तिलाच पूर्ण येत होती. बाकीच्या पहिल्या दोन ओळी म्हणून तिच्याकडे बघायच्या. नवरी पाटावर बसली होती आणि रडत नव्हती, गालाला हळद लावताना तिला मोठ्या आईचं बोलणं खावं लागत होतं, त्यामुळे सवड नव्हती.

वहिनींचे थोरले दीर आले नाहीत. ते आपल्या ओट्यावर पाठमोरे बसून होते. मांडवातून दिसत होते.

वहिनींचा मुलगा सगळं फोनवर घेत होता. कांडण संपल्यावर तो म्हणाला, "मोठे आई, तुझं भारी आलंय. टाकतो ग्रुपवर."

"ग्रुपवर मागनं टाक," थोरली म्हणाली. "आदी मला पाठव. एकटीला."

"तुला कशाला? तू तर हितंच हायेस."

"मला न्हाई बघायचं," ती पदराला हात पुसत म्हणाली. "घरी एक माणूस हाय, त्याला दाखवायचंय."

मुलानं तिथल्या तिथे पाठवला. थोरली जेवून घरी गेली. संध्याकाळी मी वर गॅलरीत कपडे काढत होते तेव्हा भिंतीपलीकडच्या ओट्यावरून उखळाचा आवाज आला, त्यावर तिचं गाणं, फोनच्या बारीक आवाजात. संपलं. मग पुन्हा पहिल्यापासून लागलं.