शाळेची किल्ली माझ्याकडे होती

मंडळी, सकाळची गोष्ट संध्याकाळी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा. हिंमतच होत नव्हती.

आशागडच्या स्टँडवर आमच्या जुन्या गुरुजींची मुलगी भेटली. तीही शिक्षिका आहे. हसत म्हणाली, "काका, बाबा सांगायचे, शाळेची किल्ली तुमच्या कमरेला असायची. मास्तर कोण तेच कळायचं नाही!"

मग म्हणाली, "सोमवारी मी मुख्याध्यापकांच्या ट्रेनिंगला चाललेय. बाबांचं नाव तेव्हा मुख्याध्यापकाच्या यादीतून का कापलं होतं हो?"

बासष्ट-त्रेसष्ट सालची गोष्ट. मी विशीतला, चौथी शिकलेला; घर शाळेशेजारीच, म्हणून किल्ली माझ्याकडे असायची. आवणीला माणसं मिळेनात, म्हणून भात लावायला मी शाळेतली पोरंच शेतावर नेली. गुरुजी ओरडले नाहीत. फळा घेऊन बांधावर आले आणि काम चालू असताना पोरांकडून पाढे म्हणून घेत राहिले.

नेमके त्याच दिवशी तपासणीचे साहेब आले, गुरुजींना मुख्याध्यापक करायचं का ते ठरवायला. शाळेला कुलूप. मी भाकऱ्या न्यायला घरी आलो होतो, मलाच गाठून विचारलं, पोरं कुठायत. पोरं माझ्या शेतात आहेत हे सांगायची भीती वाटली. म्हणालो, "माहीत नाही साहेब. गुरुजींनीच शाळा बंद ठेवलीय."

गुरुजी शेवटपर्यंत साधे मास्तरच राहिले. मला एका शब्दानेही बोलले नाहीत.

आज त्यांच्या मुलीलाही मी तेच म्हणालो, "माहीत नाही, बाई."

तिचा नंबर कुणाकडे आहे का? सोमवारच्या आत तिला खरं सांगायचंय. लवकर कळवा, नाहीतर माझा धीर पुन्हा सुटेल.