डेल्मर यॉकमचा उजवा हात

आमच्या गावातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मासे तळतात. तिथेच कोपऱ्यातल्या टेबलाशी मी बसते. सैन्यात काही दुखापत झालेली माणसं सरकारकडे पेन्शनचा दावा लावतात, तो फेटाळला की अपील करतात. त्यांना मदत करणं हे माझं काम. पगार नाही, कॉफी फुकट. मी स्वतः सैन्यात कोठारावर सार्जंट होते. आरडाओरडा करायची तेव्हाची सवय इथे फार उपयोगी पडते, कारण ही माणसं गुडघे, पाठी, कान गमावून येतात आणि विचारलं की म्हणतात, "बरं आहे."

या बरं-आहेवाल्यांचा मुकुटमणी म्हणजे डेल्मर यॉकम.

डेल्मर तोफखान्यात होता. आखाती युद्धात वाळवंटात तोफेत गोळे भरायचा. एकदा गोळा हातातून निसटला. त्यानं तो खाली पडू दिला नाही, पण त्या झटक्यात उजवा खांदा निखळला. तुकडीच्या प्रमुखानं तो जागेवरच दाबून बसवला आणि डेल्मर पुन्हा गोळे उचलायला लागला. पुढे सैन्याच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली, सरकारनंही दुखापत मान्य करून जुजबी पेन्शन लावली. आता वाद होता तो खांदा किती निकामी झालाय याचा. डेल्मर टायरच्या दुकानात ट्रकची चाकं चढवायचा. दावा मान्य झाला तर ते काम सोडता येणार होतं. नाही झाला तर खांदा पुरता जाईपर्यंत तेच करायचं होतं.

माझ्याकडे तो आलाच नाही. आली ती त्याची बायको अर्लीटा.

"अगं नेवा, या माणसाला उजव्या कुशीवर झोपता येत नाही. कप काढायला हात वर जात नाही, म्हणून मी सगळे कप खालच्या कपाटात आणून ठेवले. मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. हरणांच्या शिकारीच्या हंगामात बंदूक काढत नाही. म्हणतो काय, हरणंच उरली नाहीत! आणि तीच हरणं अंगणात येऊन माझे गुलाब खातायत."

आम्ही पेन्शन वाढवून मिळावी म्हणून दावा लावला. सरकारी दवाखान्यात तपासणी ठरली. तिथली तरुण डॉक्टरीण कोन मोजायची पट्टी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जमेल तेवढा हात वर करा." डेल्मरच्या लेखी हा हुकूम! त्यानं हात थेट कानापर्यंत नेला. शर्ट घामानं भिजला. तिनं विचारलं, "दुखतंय?" हा म्हणाला, "नाही मॅडम, बरं आहे." जे दिसलं, जे ऐकलं, ते तिनं लिहिलं. बाहेर आल्यावर याला गाडीची किल्ली फिरवता येईना, अर्लीटानंच गाडी चालवत घरी आणलं. दावा अर्थातच फेटाळला गेला.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! शुक्रवारी तो माशांच्या रांगेत सापडला.

"अरे गाढवा, ती काय तुला भरती करून घेत होती?"

"वर करा म्हणाली, सार्जंट. जात होता वर."

"जात होता! आणि कळ?"

"कळ तर येणारच ना."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?"

तो कागदी पेल्याची कड नखानं सोलत बसला. मग म्हणाला, "आमच्या तोफेवरचा लायल दोन्ही पाय गमावून आला. तो कधी कुरकुरला नाही. आणि मी खांद्याचं रडगाणं गाऊ?"

"लायलचं अपील मीच केलं होतं," मी म्हटलं. "तो कसा कुरकुरायचा ते मला विचार. या हॉलचं छप्पर उडायचं बाकी होतं."

डेल्मर माझ्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं हा माणूस लायलच्या नावानं दातावर दात दाबून सोसत होता. माझा राग तिथेच ओसरला.

अपील केलं. सुनावणीची तारीख लागायला भरपूर वेळ लागला, तेवढ्या काळात मी डेल्मरची तालीम घेतली. कळ आली की थांबायचं आणि तोंडानं सांगायचं. 'बरं आहे' म्हणायला सक्त मनाई. त्याला यापेक्षा तोफ सोपी वाटली असेल.

सुनावणीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. घरातून निघताना त्यानं जाड कोट एकट्यानंच चढवला. बाहीशी झगडत तो गोल गोल फिरत होता आणि अर्लीटा हात मागे बांधून उभी होती, कारण मदत केलेली त्याला खपत नसे. पेन्शनच्या कचेरीतल्या खोलीत आम्ही तिघं बसलो. समोरच्या पडद्यावर न्यायाधीशबाई दिसल्या. वयस्कर होत्या, आवाज मऊ होता.

"मिस्टर यॉकम, शपथेसाठी उजवा हात वर करा."

सगळं शिकवलं होतं, शपथेचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि हुकूम सुटताच डेल्मरचा हात गेला की वर, थेट कानापर्यंत!

"खरं तेच सांगेन, अशी शपथ घेता?"

त्याच्या ओठावर घाम फुटलेला, चेहरा पांढरा पडलेला. बाईंनी पुन्हा विचारलं.

"मॅडम," तो म्हणाला, "हा हात आत्ता खोटं बोलतोय."

डाव्या हातानं त्यानं उजवा हात हळूहळू खाली आणला, पार छातीजवळ. "खरा इथवरच जातो. याच्या वर नुसती कळ आहे. मी ती डॉक्टरीणबाईंपासून लपवली, त्यांची काही चूक नाही. इतक्या खालून शपथ चालते का?"

बाईंनी चष्मा काढला. "चालते. तिथेच असू द्या."

"मग घेतो."

आणि तो बोलायला लागला. चाकांचं बोलला, झोपेचं बोलला. हरणं भरपूर आहेत, हेही कबूल केलं. शेवटी म्हणाला, "बायकोनं कप खाली आणून ठेवलेत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी काही बोललो नाही." टेबलाखाली अर्लीटानं माझा हात इतका घट्ट दाबला की माझीच बोटं दुखायला लागली.

निकाल पुढे त्याच्या बाजूनं लागला, टायरचं काम सुटलं. पण मला आठवतो तो त्याच दिवशीचा, कचेरीबाहेरचा प्रसंग. डेल्मरनं कोट घेतला, डावा हात घातला, दुसऱ्या बाहीसाठी वळायला लागला आणि थांबला.

"अर्लीटा, बाही धर गं जरा."

तिनं पुढे होऊन बाही धरली, हात आत सरकवला, कॉलर नीट केली. सवयीनं विचारलं, "बरं आहे?"

"नाही," तो म्हणाला. "दुखतंय."