त्रुटीसाहेबांची टाचणी

निसर्गानेही कागदपत्रं नीट जोडूनच समोर यावं, अशी आमच्या त्रुटीसाहेबांची अपेक्षा असे. सरकारी कोषागारात लोकांची बिलं त्रुटी काढून परत पाठवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर ते आमच्या हौशी गटात आले. आम्ही रविवारी सकाळी पवनारला धाम नदीच्या काठी जमून चतुर आणि टाचण्या या उडत्या किड्यांचे फोटो काढायचो, त्यांच्या नोंदी करायचो. चतुर पंख पसरून बसतो आणि बारीक टाचणी बहुधा मिटून, एवढं कळलं तरी आम्ही खूश असायचो.

नोंदी तपासायचं काम साहेबांना कुणी दिलं नव्हतं. रिकामी खुर्ची दिसल्यावर बसावं तसे ते त्या कामावर बसले. गटातल्या तरुण डॉक्टरने एकदा लालभडक चतुराचा देखणा फोटो पाठवला. उत्तर आलं, "उजव्या पंखाचे टोक चौकटीबाहेर. त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावे."

"साहेब, तो उडून गेला ना!" डॉक्टर कळवळला.

"मंग परत येईन तवा पाठवजा."

घरीही हाच कारभार. काकू एकदा चहा देताना म्हणाल्या, "लगनाच्या अल्बममंदी माहे डोळे मिटले होते, तं यायनं तो फोटोच काढून टाकला." साहेबांनी हे कौतुक समजून मान डोलावली.

मग तळ्याचं प्रकरण आलं. गिरडच्या वाटेवर एका गावाचं जुनं, गवताने वेढलेलं तळं होतं. तिथे टाचण्यांची नुसती झुंबड. त्याचे काठ सिमेंटने बांधून बगिचा करायचं ठरलं. आम्ही अर्ज घेऊन गेलो. अधिकारी भला होता. म्हणाला, "दुर्मिळ काही असन तं पुराव्यानिशी दाखवा. थांबवून पाहू."

आम्ही सगळे तळ्यावर धावलो. साहेब पँट दुमडून गुडघाभर चिखलात उतरले. थोड्या वेळाने ते ओरडले. त्यांना ओरडता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"मॅडम! मॅडम, इकडं या लवकर!"

मी पोचेपर्यंत गवताची पाती तेवढी हलत होती. जिल्ह्यात कुणीच न नोंदवलेली टाचणी त्यांना दिसली होती. त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला. पाहिलं, तर हिरव्या गवतावर एक पुसट रेघ.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी ठाण मांडलं. डॉक्टर म्हणाला, "तुम्ही सोता पाह्यली ना? मंग करा ना मंजूर!"

साहेबांनी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा बदलला. "फोटोत टाचणी दिसून नाई राह्यली. नामंजूर."

"साहेब, देवानं तुमाले काळजाच्या जागी रबरी शिक्का देल्ला," असं म्हणून डॉक्टर चहा न पिता उठला. मीही उठले.

त्यानंतर साहेब तळ्यावर एकटेच जाऊ लागले. जामच्या फाट्यावर एसटी बदलून, डबा आणि छत्री घेऊन. जेसीबी आला तरी ते चालकाला थांबवून पुढचं गवत तपासायचे. चालकाने काही दिवस सोसलं, मग मशीनचा आवाज वाढवला. आज तिथे रंगीत फरशा आहेत आणि सिमेंटची दोन बदकं. बदकांचे फोटो मात्र फार स्वच्छ येतात.

गटाने साहेबांशी बोलणं टाकलं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, आणि मुलाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. वर्धा स्टेशनवर निरोपाला मी एकटीच होते. खिडकीशी बसलेले साहेब एकदम म्हणाले, "मी पाह्यली होती, मॅडम. डोळे निळे होते तिचे. वरून निळे, खालून मोरपंखी."

माझा राग उफाळून आला. "मग त्या दिवशी हेच लिहायला काय झालं होतं?"

त्यांनी मलाच विचारलं, "मी म्हंतो म्हणून लोकायनं काऊन मानावं?"

काकूंनी डोळ्यांनीच मला पुरे म्हटलं. गाडी हलली.

जिल्ह्याच्या नोंदीत ती टाचणी अजून नाही. साहेब बरोबर होते की नाही, यावर डॉक्टरशी माझं अजून भांडण होतं. मी कधी या बाजूने बोलते, कधी त्या. पण पाण्याकाठी गेले की मी निळे डोळे शोधते.