वरून पाव इंच पुढे

आमच्या वर्कशॉपातल्या मिस्त्रींबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलावर काम केलं, पण त्यांना मुली किती, हे मला ते गेल्यावर कळलं.

आमच्याकडे पाण्याच्या पंपांची, गवत कापायच्या मशीनची छोटी इंजिनं यायची. व्हॉल्व्हची फट लावण्याआधी मिस्त्री प्लग काढून भोकावर अंगठा धरायचे आणि चाक हाताने फिरवायचे.

"पिस्टन दोनदा वर येतो," ते म्हणायचे. "एकदा कामाला, एकदा नुसता हवा खायला. अंगठा ढकलला, तर कामाला आलाय."

मग भोकात स्ट्रॉ घालायचे. ती वर चढून थांबली की पिस्टन अगदी वर. तिथेही ते थांबत नसत. पिस्टन पाव इंच खाली उतरेपर्यंत चाक पुढे नेत. इंजिन सुरू करायची दोरी ओढणं हलकं जावं म्हणून या इंजिनांत एक खटका असतो. तो वरच्या टोकाशी एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो. तिथे मोजलं तर माप फसतं.

हे मला पाठ होतं. तरी एका शनिवारी घाईत मी टोकावरच फट लावून मोकळा झालो. मंगळवारी गिऱ्हाईक हात गळ्यात बांधून आलं. दोरी ओढताना इंजिनाने उलटा झटका दिला होता. मनगट मोडलं होतं.

मालक थेट मिस्त्रींवर घसरले. "डोळे गेलेत तुमचे! चष्मा बदला म्हणून कधीचा सांगतोय!"

मिस्त्रींनी झाकण उघडलं, फटीत मापाची पट्टी घालून पाहिली. फट भलतीच मोठी होती, खटका व्हॉल्व्ह उघडतच नव्हता. टेबलं दोनच. तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बघतो," एवढंच म्हणाले. मी कच खाल्ली. नट पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना सुट्या भागांच्या खिडकीवर बसवलं. इंजिनाला हात लावायचा नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत मी सात महिने काढले. शेवटी एका गुरुवारी धीर करून खिडकीशी गेलो. त्याच रविवारी ते गेले, म्हणून ते बोलणं शब्दन् शब्द लक्षात आहे.

"काय रे, काय हवंय?"

"काही नाही... म्हणजे, वॉशर."

"कुठला? तांब्याचा?"

"हो."

"किती?"

"एक."

"दोन ने. एक तू हरवणारच."